आत्याला कळवायचं राहिलं

बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. खाडीकाठी पिंड मांडले होते आणि आम्ही सगळे मागे सरून उभे होतो. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या गोडाऊनच्या पत्र्यावर रांग लावून बसले होते, आमच्याकडे बघत होते, पण एकही खाली उतरत नव्हता. मग नेहमीप्रमाणे आश्वासनं सुरू झाली. भाऊ म्हणाला, "बाबा, उरलेली जमीन विकणार नाय." आई म्हणाली, "माझी काळजी करू नका." मी म्हटलं, "मी आईला माझ्याकडे नेईन." पत्र्यावर काही हालचाल नाही. शेवटी नानाकाका पुढे झाले. नानाकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. हात जोडून मोठ्याने म्हणाले, "तुझ्या बायला आमी..." आणि तिथेच थांबले.

पुढचं वाक्य कुणालाच पुरं करता येईना. बाय म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. बाबांचा जीव तिच्यात अडकलाय हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण "तिला शोधून आणतो" असं म्हणायची सोय नव्हती, कारण तिला शोधणं हाच तिच्या जिवाला धोका होता. "तिला कळवतो" म्हणावं, तर कळवणार कुठे? उन्हात बराच वेळ ताटकळल्यावर दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही घरी आलो. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनात कुसळासारखी रुतून बसली. आत्याचा सख्खा भाऊ गेला आणि ते आत्याला माहीत नाही.

आत्याचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. तिला ताराबाय म्हणू. आमच्या गावाचं नावही लिहीत नाही. भिवंडी आणि ठाण्याच्या मधल्या गोडाऊनच्या पट्ट्यातलं आहे, एवढं पुरे. आता ती जिथे असेल तिथे तिचं तिसरंच काही नाव असेल. या वयात नवं नाव घेऊन जगायचं, कुणी हाक मारली की वळून बघायचं लक्षात ठेवायचं, हे तिला कसं जमत असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

कारण आत्या लपण्यासारखी बाई नव्हतीच. ती धवलारीण होती. आमच्या आगरी लोकांत लग्नाला भटजी असो वा नसो, धवलारीण लागतेच. मांडवाचा पहिला खांब रोवण्यापासून नवरीची पाठवणी होईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्याकडे असतं, आणि ते म्हटल्याशिवाय तो विधी पुरा होत नाही. आत्याचा आवाज गोड नव्हता. जाडाभरडा, थोडा नाकातला, पण खाडीच्या पल्याड ऐकू जाईल असा. गाण्याआधी ती कोपऱ्यात बसून मशेरी लावायची, चूळ भरायची, पदर डोक्यावरून घट्ट ओढायची आणि सुरू व्हायची. एकदा सुरू झाली की पुढाऱ्याने येऊन नमस्कार केला तरी बघायची नाही.

लग्नाच्या सुरुवातीला देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना गाण्यातून आवतण द्यायचं असतं. त्यात आत्याचा हातखंडा होता. काल्हेरपासून वज्रेश्वरीपर्यंत कितीतरी गावांतल्या घरांचे पूर्वज तिला तोंडपाठ होते. कुणाचा पणजा वाहून गेला, कुणाची आजी बाळंतपणात गेली, कुणाचा थोरला मुलगा लहानपणीच गेला, सगळ्यांना ती नावानिशी मांडवात बोलवायची. नातवाला स्वतःच्या पणजीचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा कळायचं. बायका डोळे पुसायच्या, आणि आत्या लगेच नवऱ्याच्या मामाच्या पोटावर एखादी ओळ रचून सगळ्यांना हसवायची.

डीजे आले तेव्हा लोकांना वाटलं आता हिचं दुकान बंद. एका हळदीला डीजेवाल्याने आवतणाच्या मधेच दणदणाट सुरू केला. आत्या उठली, शांतपणे गेली आणि त्याच्या मोठ्या स्पीकरवर जाऊन बसली. सगळी वऱ्हाडी मंडळी हसायला लागली. तो बिचारा म्हणाला, "मावशी, उतरो ना, फट जायेगा." ती म्हणाली, "देवांना आवतान देते मी. तुझ्या ठेक्यावर देव येत न्हाय. माझं होवदे, मंग तुझं." त्याने आवाज बंद केला. पुढे त्या माणसाशी तिची इतकी गट्टी जमली की कुठल्याही लग्नात दोघं एकत्र आले की तो आधी तिला चहा आणून द्यायचा आणि विचारायचा, "मावशी, कितना टाइम?"

तिचा दुसरा गुण मात्र सगळ्यांना परवडणारा नव्हता. तिला खोटं बोलता येत नसे. मोठ्या तत्त्वाबित्त्वाचा प्रश्न नव्हता. तिला ते जमतच नसे, जसं काहींना शिटी वाजवता येत नाही. कालवण खारट झालं तर ती यजमानणीच्या तोंडावर सांगायची. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "मना इचारू नको. इचारलंस तं सांगन." म्हणजे ती आपण होऊन चुगली करायची नाही, पण विचारलं की संपलं. एकदा मानकोलीकडच्या एका मुलीच्या आईने तिला सहज विचारलं, "बाय, तुम्ही त्यांच्या घरी जाता. पोरगा कसा हाय?" आत्याने सांगितलं, "पोरगा चांगला हाय. पितो." लग्न मोडलं. नवऱ्याकडचे लोक आमच्या दारात येऊन भांडून गेले. बाबांनी कपाळाला हात लावला. "बाय, तू गप का न्हाय बसलीस?" आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तिनं इचारलं."

बाबा आणि आत्या यांचं नातं निराळंच होतं. आजी लवकर गेली, तेव्हा आत्यानेच बाबांना वाढवलं. तिचं लग्न झालं, नवरा दोन-तीन वर्षांत गेला, मूलबाळ नव्हतं, ती परत आली आणि आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहू लागली. कुंकू मात्र तिने कधी सोडलं नाही. बाबा आजोबा झाले तरी ती त्यांना "जेवलास का?" असं विचारायची आणि बाबा "जेवलो" म्हणायचे, जेवले नसले तरी. त्यांना खोटं उत्तम जमायचं. गुपित मात्र अजिबात ठेवता यायचं नाही. आनंद झाला की गावभर सांगायचे, दुःख झालं की दुप्पट. आई म्हणायची, यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

आणि मग ती हळद झाली. शेजारच्या गावात मोठ्या घरचं लग्न होतं, अंगणात गर्दी, डीजे जोरात. संध्याकाळी मांडवाच्या मागच्या बाजूला एका माणसाला तिघांनी जिवे मारलं. तो गावातलाच, चाळिशीचा, गोडाऊनसाठी जमीन द्यायला नाही म्हणून बसलेला. मारणारे कोण होते हे दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्याला माहीत होतं. त्यातला एक तर ज्याच्याशी कुणी वाकड्यात शिरत नाही असा. पोलीस आले, त्यांनी एकेकाला विचारलं. हळदीला आलेल्या झाडून सगळ्यांनी सांगितलं, डीजे चालू होता साहेब, काही कळलं नाही.

आत्या त्या वेळी हळदीचं ताट घेऊन मागच्या दाराने येत होती. तिलाही विचारलं. ती म्हणाली, "मना दिसलं."

हवालदाराला वाटलं म्हातारीला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, "मावशी, डीजे चालू होता ना?"

"डीजे कानांना असतो," आत्या म्हणाली, "डोल्यांना न्हाय."

तिने तिघांची नावं सांगितली. नुसती नावं सांगून थांबेल तर ती आत्या कसली. कोण कुणाचा मुलगा, कुणाच्या लग्नात तिने हळद लावली होती, हेही सांगितलं. त्यातल्या एकाच्या आईला तर ती मैत्रीण मानत असे.

त्या रात्रीपासून आमचं घर बदललं. बाबा तिच्या पाया पडले, अक्षरशः. "बाय, सांग की नीट दिसलं न्हाय. वय झालंय म्हन." आत्याने त्यांना उठवलं, पाणी दिलं. म्हणाली, "अरे, मी तरी काय करू? दिसलं तं दिसलं. आता ते डोल्यांतून काढू कसं?" मला वाटतं ती घाबरली होती. दाराची कडी तिने दोनदा लावून पाहिली. पण घाबरण्याचा आणि खोटं बोलण्याचा काही संबंध असतो हे तिला माहीतच नव्हतं. एका सकाळी दारात मिठाईचा पुडा आला, कुणी पाठवला ते न लिहिलेला. आठवड्याने तिच्या खोलीची काच फुटली. मग पोलिसांनी दारात एक शिपाई बसवला. तो विदर्भातला, माळकरी, मासे न खाणारा. आत्या त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात वाल करायची आणि त्याच्या आईची चौकशी करायची. महिन्याभरात तो शिपाई अंगाने भरला.

एका दुपारी पांढरी जीप आली. साध्या कपड्यांतल्या दोन बायका उतरल्या. "आजी, दोन दिवसांचे कपडे घ्या." कुठे, कशाला, ते सांगितलं नाही. बाबा कामावर होते. आत्याने पिशवी भरली, मशेरीची डबी घेतली, आईला म्हणाली, "तांदूल निवडून ठेवलेत, वापरून टाका, किडं लागतील." दोन दिवसांचे किती झाले ते मी मोजत नाही.

तिला साक्षीदार म्हणून संरक्षणात ठेवलं आहे असं आम्ही समजतो. समजतो एवढंच, तसं कुणी आम्हाला लेखी किंवा तोंडी सांगितलेलं नाही. बाबा पोलिसांकडे जायचे. तिथला अधिकारी सज्जन होता. बाबांना खुर्ची द्यायचा, चहा मागवायचा आणि म्हणायचा, "काका, मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. घरी जा." बाबा चहा पिऊन घरी यायचे. भांडायलाही माणूस मिळत नव्हता. त्या माणसाचं काही चुकत नव्हतं, आमचं काही चुकत नव्हतं, आत्याचं तर मुळीच नाही, आणि तरी आमच्या घरातली एक बाई हवेत विरून गेली होती.

सुरुवातीला फोन यायचे. वेगवेगळ्या नंबरांवरून, मिनिटभराचे, कुणीतरी बाजूला उभं आहे हे कळायचं. आत्या विचारायची, "जेवलास का?" बाबा म्हणायचे, "जेवलो. तू कुठं हायस?" खोटं तिला जमत नव्हतं आणि खरं सांगायची परवानगी नव्हती. मग ती म्हणायची, "ठेवते." बाबा त्या मिनिटावर पुढचे कित्येक दिवस काढायचे. शेजाऱ्यांना सांगायचे, रिक्षावाल्याला सांगायचे, "माझ्या बायचा फोन आलता."

आणि मग बाबांनी बॅनर लावला.

भिवंडीबाहेरच्या माणसाला हे पटकन कळणार नाही. आमच्याकडे प्रेम दाखवायचं म्हणजे नाक्यावर बॅनर लावायचा. वाढदिवस, दहावी पास, नवी गाडी, कशालाही. ज्याच्या नावाचा बॅनर लागत नाही त्याचं कुणी नाही असं समजतात. आत्या गेल्याला वर्ष होत आलं होतं आणि बाबांना वाटलं, बायच्या नावाचा बॅनर कधीच लागला नाही. तिचा वाढदिवस कुणालाच माहीत नव्हता, बाबांनीच एक दिवस ठरवला. आम्हाला कुणाला सांगितलं नाही. हे एकच गुपित त्यांनी आयुष्यात राखलं. सकाळी मी मानकोलीला, मी नोकरी करते त्या गोडाऊनच्या ऑफिसात निघाले होते, तर नाक्यावर माझी आत्या उभी. रिक्षापेक्षा मोठा तिचा चेहरा, डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू, नाकात नथ. खाली लिहिलेलं, "आमच्या लाडक्या बायला वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. जिथे असशील तिथे सुखी राहा." त्याखाली बाबांचा हसरा फोटो, गॉगल घातलेला. रस्त्यावरून ट्रक जात होते. गुजरात, आंध्र, कुठले कुठले ड्रायव्हर सिग्नलला थांबून तो चेहरा नीट बघत होते.

दुपारच्या आत पोलिसांनी बॅनर उतरवला. तो सज्जन अधिकारी पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "काका, आम्ही जीव खाऊन जो चेहरा लपवतोय, तो तुम्ही नाक्यावर टांगलात?" बाबा म्हणाले, "माझी बहीन हाय." बॅनर गुंडाळून पोलिसांनी जीपमध्ये ठेवला, आत्याचा अर्धा चेहरा बाहेर लोंबत होता.

त्यानंतर फोन आला नाही. बॅनरमुळे तिला आणखी लांब हलवलं, की तिला फोन लावून देणारी पोलीसबाई बदलली, की आत्याच उरली नाही, हे आम्हाला आजतागायत कुणी सांगितलं नाही. खटला चालला. एका साक्षीदाराने तिघांना ओळखलं एवढंच पेपरात आलं, नाव नव्हतं. बाबांनी तो पेपर आईला दहा वेळा वाचायला लावला. तिघांना शिक्षा झाली, तेव्हा बाबांनी आत्याच्या खोल्या झाडून घेतल्या, नवा पंखा बसवला. मग वरच्या कोर्टात अपील झालं, तिघांतला एक जामिनावर सुटला आणि नाक्यावर त्याच्या स्वागताचा बॅनर लागला. बाबांनी त्या खोल्यांना कुलूप लावलं. त्या दिवसापासून ते कमी बोलू लागले. भावाच्या लग्नात दुसरी धवलारीण आणली होती. तिने आमच्या घरातल्या गेलेल्यांची नावं घेतली, दोन विसरली. बाबांनी मागून ती सांगितली आणि मांडवाबाहेर निघून गेले. चैत्रात एका सकाळी ते उठलेच नाहीत.

आता जे सांगते आहे ते आईशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. गाव मी सांगणार नाही, जिल्हाही नाही. नवऱ्याच्या नात्यातल्या एका लग्नासाठी परगावी गेले होते. परतताना एसटी स्टँडवर बाकावर बसले होते. कडक ऊन, गाडीचा पत्ता नाही. शेजारी एक म्हातारी येऊन बसली. पातळ फुलाफुलांची साडी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, केस बारीक कापलेले, कपाळ मोकळं. बसताना तिने हातातली पिशवी आम्हा दोघींच्या मधे ठेवली आणि म्हणाली, "अडचण नाही ना होत, बाई?"

भाषा स्वच्छ, कुठल्याही गावची नसलेली. आवाज मात्र तोच. जाडाभरडा, थोडा नाकातला.

माझ्या तोंडून "आ" एवढंच निघालं. तिने समोरच्या गाड्यांवरची नजर काढली नाही. "फार गर्दी आहे आज," ती म्हणाली. "लग्नाचे दिवस." माझा हात पिशवीपर्यंत गेला आणि मी तो मागे घेतला. कोण आजूबाजूला आहे, कोण बघतंय, मला काहीच कळत नव्हतं.

स्टँडवर दोन अनोळखी बायका बसल्या की एकमेकींना घरचं विचारतातच. त्याचं कुणालाही काही वाटत नाही. तिने विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"नवरा, मुलगी. माहेरी आई, भाऊ. भावाचं लग्न झालं."

"अरे वा. सून कशी आहे?"

"चांगली आहे. बोलते फार."

"बोलू दे. आईची तब्येत?"

"गुडघे दुखतात. बाकी बरी."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "आणि वडील?"

बरे आहेत, एवढं म्हणायला काय लागतं? त्या शब्दांवर ती पुढची वर्षं काढू शकली असती. पण विचारणारी ती होती. तिला खोटं सांगायला माझी जीभ रेटेना.

"गेले," मी म्हटलं. "चैत्रात."

समोर एक गाडी मागे येत होती, कंडक्टर शिट्टी वाजवत होता. गाडी लागेपर्यंत ती बघत राहिली. मग एखाद्या अनोळखी बाईने विचारावं तसं तिने विचारलं, "आजारी होते?"

"नाही. झोपेतच."

"जेवले होते रात्री?"

"जेवले होते."

"बरं झालं," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "त्यांना एक बहीण आहे. तिला कळवता आलं नाही आम्हाला."

"कळतं," ती म्हणाली.

तिने पिशवी उचलली. उठताना बाकाच्या पाठीचा आधार घेतला, माझा नाही. "सांभाळून जा, बाई," म्हणाली आणि गाड्यांच्या मधून वाट काढत निघाली. ती एखाद्या गाडीत चढेल असं मला वाटलं. पण ती स्टँडच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या नळाशी गेली. पिशवी खाली ठेवली, चष्मा काढून पिशवीत ठेवला. नळाला साखळीने बांधलेला प्लास्टिकचा मग होता, तो भरला. आणि भर स्टँडवर, सगळ्यांच्या देखत, साडीसकट, डोक्यावरून पाणी घेतलं. घरचं माणूस गेल्याची बातमी उशिरा कळली तरी कळल्याबरोबर घ्यायचं असतं, तसं. एक मग, दुसरा, तिसरा. पाणी तिच्या बारीक केसांवरून, तोंडावरून, मानेवरून वाहत होतं, आणि त्यात तिचं स्वतःचं पाणी किती ते कुणालाच कळणार नव्हतं.

माझ्या बाजूला उभा असलेला एक माणूस तिकडे बघत म्हणाला, "ऊन फारच आहे हो आज."

मी म्हटलं, "हो, फार आहे."